पहिला शोधनिबंध जर्नलला पाठवताना: गोव्यातल्या माध्यम-अभ्यासकांसाठी

गोव्यात बसून माध्यमांवर संशोधन करणाऱ्याला सामग्रीची ददात नाही. १५५६ साली इथे छापखाना आला. १८२१ साली ‘गाझेता द गोवा’ निघाले. १९०० साली पोर्तुगीज दैनिक म्हणून सुरू झालेले ‘ओ हेराल्द’ १९८३ मध्ये इंग्रजी झाले. मुक्तीला वर्ष व्हायच्या आत, १९६२ मध्ये, मराठी ‘गोमन्तक’ वाचकांच्या हातात होते. मराठी, कोकणी, इंग्रजी आणि पोर्तुगीज अशी चार भाषांतली पत्रकारिता एवढ्याशा प्रदेशात क्वचितच सापडेल. तरीही इथून गेलेले पेपर पुष्कळदा आठवड्या-दोन आठवड्यांत परत येतात, समीक्षकांपर्यंत पोचतही नाहीत. याला ‘डेस्क रिजेक्शन’ म्हणतात. नवखा लेखक त्याचे खापर आपल्या इंग्रजीवर फोडतो. माझ्या पाहण्यात कारण बहुतेक वेळा दुसरेच असते: पेपरात गोवा ठासून भरलेला असतो आणि प्रश्न कुठेच नसतो.

संज्ञापन किंवा पत्रकारितेत एमए, पीएचडी करणारे आणि कॉलेजात नुकतेच शिकवू लागलेले, अशांसाठी हे टिपण आहे. क्रम महत्त्वाचा आहे, कारण बरेच जण तिसऱ्या-चौथ्या पायरीपासून सुरुवात करतात.

१. विषय बाजूला ठेवा, प्रश्न ठरवा

‘जनमत कौल आणि मराठी वृत्तपत्रे’ हा विषय झाला. १६ जानेवारी १९६७ रोजी कौल झाला. महाराष्ट्रात विलीन होण्यासाठी फूल आणि संघप्रदेश राहण्यासाठी दोन पाने अशी चिन्हे होती. दोन पानांना १,७२,१९१ मते पडली, फुलाला १,३८,१७०. ‘गोमन्तक’ विलीनीकरणाच्या बाजूने होता, ‘राष्ट्रमत’ विरोधात, आणि दोन्ही दैनिके मराठी. एवढे लिहिले की गोव्यातला वाचक मान डोलावतो. सिंगापूरचा किंवा अहमदाबादचा संपादक मात्र एवढेच विचारतो, ‘बरं, मग?’

त्या ‘मग’चे उत्तर म्हणजे तुमचा प्रश्न. उदाहरणार्थ: एकाच भाषेत, जवळपास एकाच वाचकवर्गासाठी लिहिणारी दोन दैनिके अग्रलेखांत ‘आपण’ म्हणताना नेमके कोणाला धरत होती? भाषा एक म्हणजे राजकीय अस्मिताही एक, असे माध्यम-अभ्यासात पुष्कळदा गृहीत धरले जाते. इथे तर मराठी राज्यात जाऊ नये हा युक्तिवाद मराठीतूनच चालला होता, उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ सदर त्याचे ठळक उदाहरण. म्हणजे गोव्याची सामग्री एका सर्वसाधारण गृहीतकाला धक्का देते. असा धक्का दिसला की संपादक पेपर पुढे पाठवतो.

एक साधी कसोटी लावून पाहा. तुमचा प्रश्न एका वाक्यात लिहा आणि त्यातले गोव्याचे नाव खोडा. उरलेले वाक्य आसाम किंवा केरळातल्या अभ्यासकाला कामाचे वाटेल का? वाटत असेल तर पेपर आहे. वाटत नसेल तर जे आहे तो चांगला वृत्तपत्रीय लेख असू शकतो, आणि तो रविवारच्या पुरवणीला द्यावा. त्यात कमीपणा काही नाही.

२०१२ ची खाणबंदी, २०११ चा प्राथमिक शिक्षणाच्या माध्यमाचा वाद, म्हादईचे पाणी, २००४ पासून पणजीत भरणारा इफ्फी (आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव), या सगळ्यांना हीच कसोटी लागते.

२. लिहायला बसण्याआधी जर्नल निवडा

आधी पेपर लिहायचा आणि मग तो कुठे बसतो ते शोधायचे, हा आपल्याकडचा नेहमीचा क्रम. तो उलटा करा. जर्नल कोणते यावर लेखाची लांबी, सिद्धांताचे प्रमाण, संदर्भांची पद्धत, इतकेच काय, पहिला परिच्छेदही ठरतो.

काही ठिकाणे डोळ्यांसमोर ठेवण्यासारखी आहेत. दिल्लीच्या भारतीय जनसंचार संस्थेचे ‘कम्युनिकेटर’ १९६५ पासून निघते. त्याच संस्थेचे ‘संचार माध्यम’ हिंदीत आहे. अहमदाबादच्या मायका संस्थेचे ‘जर्नल ऑफ क्रिएटिव्ह कम्युनिकेशन्स’ सेज प्रकाशित करते. आशियाई विषयांसाठी ‘मीडिया एशिया’ आणि ‘एशियन जर्नल ऑफ कम्युनिकेशन’ आहेत. अमेरिकेतल्या ॲननबर्ग स्कूलचे ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ कम्युनिकेशन’ सर्वांना मोफत वाचता येते आणि लेखकाकडूनही पैसे घेत नाही. मराठीतच लिहायचे असेल आणि विषय वृत्तपत्रांच्या भाषेचा असेल, तर पुण्याच्या मराठी अभ्यास परिषदेचे ‘भाषा आणि जीवन’ जरूर पाहावे. ‘जर्नल ऑफ कम्युनिकेशन’सारख्या जागतिक पातळीवरच्या नियतकालिकाला पहिलाच पेपर पाठवू नये असे मी म्हणणार नाही, पण तिथली स्पर्धा ओळखून पाठवा.

निवडलेल्या जर्नलच्या मागच्या दोन वर्षांच्या अंकांची अनुक्रमणिका उघडा. ‘एम्स अँड स्कोप’ हे पान कुणीही वाचतो, पण खरा स्कोप छापलेल्या लेखांवरून कळतो. वृत्तपत्रांच्या इतिहासावर तिथे दोन वर्षांत एकही लेख नसेल तर तुमचा येण्याची शक्यता कमीच. तुमच्या प्रश्नाच्या जवळ जाणारे तीन-चार लेख पूर्ण वाचा. ते कोणाशी वाद घालतात आणि मर्यादा कशा मान्य करतात, ते टिपा. हे लेख पैसे भरल्याशिवाय उघडत नसतील तर ग्रंथपालांना ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’बद्दल विचारा. जानेवारी २०२५ पासून ही केंद्राची योजना सुरू आहे आणि सरकारी उच्चशिक्षण संस्थांना तीसेक प्रकाशकांची हजारो जर्नल्स तिच्यातून वाचता येतात.

एका वेळी एकाच जर्नलला पाठवायचे. तिघांना एकदम पाठवून जो आधी हो म्हणेल त्याला देणे हा या क्षेत्रात सरळसरळ गैरव्यवहार समजला जातो.

३. फसवी दुकाने ओळखा

‘४८ तासांत प्रकाशन, डीओआय मोफत, सोबत प्रमाणपत्र.’ (डीओआय म्हणजे लेखाचा कायमचा डिजिटल ओळखक्रमांक.) असा निरोप व्हॉट्सॲपवर कुणा सहकाऱ्याने पुढे ढकललेला तुम्हाला नक्की आला असेल. तो पुसून टाका. दोन समीक्षकांनी मन लावून वाचायचे तर दोन दिवसांत ते होत नाही.

या व्यवहाराची मुळे आपल्या नियमांत आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांनुसार प्रबंध सादर करण्याआधी एक पेपर प्रकाशित असणे सक्तीचे होते. मागणी वाढली तशी दुकाने वाढली. त्याला आळा म्हणून २०१९ मध्ये आयोगाची मान्य जर्नल्सची यूजीसी-केअर यादी आली. २०२२ च्या पीएचडी नियमांनी प्रकाशनाची देशपातळीवरची सक्ती काढली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये केअर यादीही बंद झाली. आता जर्नलचा दर्जा ठरवण्याची जबाबदारी संस्थांवर आहे. म्हणून दोन गोष्टी करा. तुमच्या विद्यापीठाचा सध्याचा अध्यादेश आणि विभागाचा नियम लेखी मागून घ्या. आणि ‘आमचे जर्नल यूजीसी-केअरमध्ये आहे’ अशी जाहिरात आजही कुणी करत असेल तर तिथेच थांबा.

आयएसएसएन असला म्हणजे जर्नल चांगले, हा गैरसमज फार पक्का बसलेला आहे. आयएसएसएन हा नियतकालिक ओळखण्यासाठीचा आठ अंकी क्रमांक आहे, तो दर्जाबद्दल काहीही सांगत नाही. ‘इम्पॅक्ट फॅक्टर’चेही (जर्नलमधले लेख सरासरी किती वेळा उद्धृत होतात तो आकडा) तसेच. तो क्लॅरिव्हेट कंपनीच्या वार्षिक अहवालात असेल तरच खरा, बाकी ‘ग्लोबल’, ‘सायंटिफिक’ वगैरे विशेषणे लावलेले आकडे घरी बनवलेले असतात. संपादक मंडळातले दोन प्राध्यापक निवडून त्यांच्या विद्यापीठाच्या पानावर या जर्नलचा उल्लेख आहे का ते बघा. मोफत वाचता येणारे जर्नल असेल तर डीओएजे या निर्देशिकेत शोधा. आणखी एक प्रकार म्हणजे खऱ्या जर्नलच्या नावाने उघडलेली बनावट वेबसाइट. त्यासाठी पत्ता गुगलवरून न घेता प्रकाशकाच्या मूळ पानावरून आत शिरा.

पैसे मागणारे प्रत्येक जर्नल मात्र फसवे नसते. मुक्त प्रवेशाची काही चांगली जर्नल्स लेख स्वीकारल्यानंतर प्रकाशनशुल्क घेतात, आणि ते किती ते आधीच जाहीर केलेले असते. प्रश्न पैसे कधी आणि कशासाठी मागतात हा आहे.

४. सामग्री गोळा करताना

पणजीत पाटोवरचे कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेचा आजचा अवतार आहे. जुन्या वृत्तपत्रांसाठी पहिली खेप तिथेच. त्यानंतर पणजीचे पुराभिलेख खाते, पर्वरीचे झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्च आणि ताळगावच्या पठारावरचे गोवा विद्यापीठाचे ग्रंथालय.

अंक चाळताना तारीख, पान, स्तंभ आणि आवृत्ती या चार गोष्टी त्याच वेळी लिहून घ्या. आवृत्ती विसरली जाते. ‘तरुण भारत’ची बेळगाव आवृत्ती आणि गोवा आवृत्ती यांत पहिल्या पानाची बातमी वेगळी असू शकते, आणि म्हादईसारख्या विषयावर तर तुमचा सगळा निष्कर्षच त्या फरकावर उभा असेल. संचात जे अंक नाहीत त्यांच्याही तारखा टिपा. ‘या काळातील इतके अंक उपलब्ध झाले नाहीत’ असे पद्धतीच्या भागात लिहिल्याने पेपर कमकुवत होत नाही. समीक्षकाला उलट भरवसा वाटतो.

मुलाखती घेणार असाल तर एक खास गोव्याची अडचण आहे. नाव गुप्त ठेवायचे म्हणून तुम्ही लिहिता, ‘फोंडा तालुक्यातील एका मराठी दैनिकाचा ज्येष्ठ वार्ताहर.’ फोंड्यात विचारा, चहाच्या पहिल्या घोटाला त्याचे नाव कळेल. इथे तालुका, दैनिक आणि हुद्दा या तिन्ही गोष्टी एकत्र देणे म्हणजे नाव देणेच. त्यातली एकच ठेवा, संमती लेखी घ्या आणि संस्थेत नैतिकता समिती असेल तर मुलाखतींच्या आधी तिची मान्यता मिळवा. मागाहून ती मिळत नाही.

आशय-विश्लेषण करणाऱ्यांसाठी: बातम्यांचे वर्गीकरण एकट्याने करू नका. दुसऱ्या कोडरकडून नमुन्याचा काही भाग स्वतंत्रपणे वर्गीकृत करून घ्या आणि दोघांत किती एकमत आहे ते आकड्यात द्या. क्रिपनडॉर्फचा अल्फा हा एकमताचा निर्देशांक वापरलात तर ०.८० च्या वर चांगला, ०.६६७ ते ०.८० मध्ये निष्कर्ष हात राखून मांडायचे, त्याखाली वर्गांच्या व्याख्याच पुन्हा तपासायच्या. हा आकडा नसलेला आशय-विश्लेषणाचा पेपर चांगल्या जर्नलात टिकत नाही.

५. लेखन

प्रस्तावनेत परशुरामाने बाण मारू नये. कदंब राजवट, १५१०, १९६१ असे करत करत लेखक मुद्द्यावर येतो तेव्हा हजार शब्द संपलेले असतात. बाहेरच्या वाचकाला गोव्याची जेवढी पार्श्वभूमी प्रश्न समजण्यासाठी लागते तेवढीच, एक-दोन परिच्छेदांत द्या. ‘संज्ञापन ही मानवाची मूलभूत गरज आहे’ हे वाक्यही कायमचे सोडा.

बहुतेक जर्नल्सना सहा ते आठ हजार शब्द लागतात. त्यात संदर्भसूची धरायची की नाही हे नियमावलीत पाहा. सारांश दीडशे ते अडीचशे शब्दांचा असतो. त्यात प्रश्न, सामग्री, पद्धत आणि काय सापडले हे चारही यायला हवे. ‘प्रस्तुत निबंधात चर्चा करण्यात आली आहे’ असे लिहिणे म्हणजे काय सापडले ते न सांगणे. बीजशब्दांत (कीवर्ड) गोव्याच्या जोडीने सिद्धांताचे आणि पद्धतीचे शब्द ठेवा, नाहीतर शोधात लेख सापडणार नाही.

सिद्धांत हा नवख्यांचा सर्वांत दुबळा भाग. अजेंडा सेटिंग (लोकांना कोणते विषय महत्त्वाचे वाटावेत ते माध्यमे ठरवतात) किंवा फ्रेमिंग (बातमी कोणत्या चौकटीत मांडली जाते) यांचे नाव घेऊन दोन पाने त्यांचा इतिहास दिला आणि पुढे तो शब्द आलाच नाही, असे पेपर ढिगाने येतात. फ्रेमिंग घेतलेत तर विश्लेषणाच्या प्रत्येक भागात कोणती चौकट, कोणत्या शब्दांतून, कोणासाठी, हे दिसले पाहिजे. न पेलणारा सिद्धांत घेण्यापेक्षा एकच संकल्पना घेऊन ती शेवटपर्यंत वापरलेली बरी.

चर्चेचा भाग निकालांची पुनरुक्ती नसतो. विलीनीकरणाच्या उदाहरणात सांगायचे तर, ‘राष्ट्रमत’ने ‘आपण’ कोणाला म्हटले हा निकाल, आणि त्यावरून भाषा-अस्मितेच्या नात्याबद्दल आपली समज कशी बदलते ही चर्चा.

६. मराठी मजकूर इंग्रजी पेपरात

जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर गेला की त्याची अगम्य चिन्हे होतात. सगळे देवनागरी युनिकोडमध्ये टाका. उताऱ्याचा अनुवाद तुमचा असेल तर तसे लिहा, आणि महत्त्वाच्या उताऱ्यांचे मूळ तळटीपेत द्या. एपीए या संदर्भलेखन-पद्धतीच्या सातव्या आवृत्तीप्रमाणे मराठी लेखाचे शीर्षक रोमन लिपीत आणि लगेच चौकटी कंसात त्याचा इंग्रजी अर्थ, असे देतात.

रोमन लिहिताना एकच पद्धत धरा. पणजी, म्हापसा, मडगाव यांची इंग्रजी रूपे पोर्तुगीज काळापासून एकाहून अधिक आहेत. एका पेपरात एकच. तुमच्या स्वतःच्या नावाचेही तेच. गावकर हे आडनाव इंग्रजीत किती प्रकारे लिहिले जाते ते मतदारयादीत पाहा. पहिल्या पेपरावर जे रूप छापाल ते आयुष्यभर चालवावे लागते. त्यासाठी पाठवण्याआधीच ऑर्किड हा संशोधकाचा ओळखक्रमांक काढा. तो सोळा अंकी असतो, फुकट मिळतो, आणि आडनावाचे स्पेलिंग बदलले तरी लेख तुमच्याच नावावर राहतात.

७. तपासणी आणि सबमिशन

साम्य तपासणी संस्थेच्या सॉफ्टवेअरवर करून घ्या. आयोगाच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. संदर्भसूची आणि नीट अवतरणात दिलेले उतारे मोजणीतून वगळतात. पण टक्केवारीवर विसंबू नका. एकच उचललेला परिच्छेद तीन टक्के भरतो आणि तरीही ती चोरीच असते. एआयची मदत घेतली असेल तर जर्नलच्या नियमाप्रमाणे जाहीर करा. त्याला लेखक म्हणून दाखवता येत नाही, ही ‘कोप’ या प्रकाशन-नीती समितीची स्पष्ट भूमिका आहे. त्याने सुचवलेला प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून बघा, कारण अस्तित्वातच नसलेले लेख तो बिनदिक्कत सुचवतो.

लेखकांची नावे कोणती, याचा निर्णय पाठवण्याआधी व्हावा. गाइडचे नाव आपोआप लागत नाही. त्यांनी आराखडा, विश्लेषण किंवा लेखनात खरे काम केले असेल तरच लागते. हे तोंडावर बोलणे जड जाते, मान्य. ‘सर, यात तुमचा भाग कोणता धरायचा?’ असे सुरुवातीलाच विचारलेत तर पुढचा अवघडलेपणा वाचतो.

समीक्षा दुहेरी गुप्त (लेखक आणि समीक्षक यांना एकमेकांची नावे न कळणारी) असेल तर दोन फाइली लागतात. शीर्षकपानावर नाव, संस्था, ऋणनिर्देश. मूळ लेखात यातले काहीही नाही. ‘माझ्या आधीच्या अभ्यासात’ असे वाक्य राहिले की गुप्तता गेली. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये लेखकाचे नाव राहते, तेही पुसा. संपादकाला पत्र अर्ध्या पानाचे पुरे: प्रश्न, नवे काय, या जर्नलच्या वाचकाला ते का हवे, आणि लेख इतरत्र विचाराधीन नाही याची ग्वाही. पदव्यांची यादी नको.

८. वाट पाहणे, आणि निकाल

तीन ते सहा महिने धरा, कधी वर्षही. चार महिन्यांनंतर लेख क्रमांक देऊन एक नम्र ओळ लिहायला हरकत नाही. संपादकाला फोन करू नका, ओळखीचे कुणी मध्ये घालू नका. गोव्यात सगळे एकमेकांना ओळखतात, जर्नलच्या जगात ती सवय अंगाशी येते.

पहिल्या फेरीत जसाच्या तसा स्वीकार जवळपास होत नाही. ‘मेजर रिव्हिजन’, म्हणजे मोठे बदल करून पुन्हा पाठवा असे उत्तर, आले की लोक खचतात. खरे तर ती चांगली बातमी आहे: संपादकाने दार बंद केलेले नाही. टिप्पण्या वाचून दोन दिवस बाजूला ठेवा. मग तक्ता करा: एका रकान्यात समीक्षकाचे प्रत्येक वाक्य, शेजारी तुमचे उत्तर, त्यापुढे बदल केलेल्या पानाचा आकडा. एकही टिप्पणी वगळू नका. पटली नाही तर कारण देऊन तसे लिहा. एक समीक्षक सिद्धांत वाढवा म्हणतो आणि दुसरा कमी करा म्हणतो, तेव्हा कोणाचे ऐकले आणि का हे संपादकाला उद्देशून सांगा.

एक टिप्पणी गोव्याच्या अभ्यासकांना हमखास येते: ‘हे एवढ्या लहान प्रदेशाला लागू आहे, व्यापक महत्त्व काय?’ चिडून लोकसंख्येचे आकडे देण्यात अर्थ नाही. पहिल्या पायरीवरचा, नाव खोडलेला प्रश्न इथे कामाला येतो. तो प्रस्तावनेत वर आणा आणि कळवा की आणला आहे.

नकार आला तर टिप्पण्यांतले जे पटते ते दुरुस्त करून पुढच्या जर्नलच्या नियमांप्रमाणे लेख पुन्हा बांधा. फक्त जर्नलचे नाव बदलून पाठवू नका. विषय जवळचे असले की समीक्षक तोच निघू शकतो.

९. स्वीकारल्यानंतर

हक्कांचा करार वाचून सही करा. लेखाची कोणती आवृत्ती तुम्हाला संस्थेच्या संग्रहात ठेवता येईल हे त्यातच असते. जुन्या वृत्तपत्राच्या पानाचे छायाचित्र छापायचे असेल तर दैनिकाची परवानगी प्रूफ येण्याआधी हातात हवी. प्रूफ तपासायला दोन-तीन दिवसच मिळतात, आणि परराज्यातला किंवा परदेशातला अक्षरजुळणीकार ‘शणै’, ‘नायक’, ‘साखळी’ यांचे काय करील याचा नेम नसतो. व्यक्तींची आणि गावांची नावे, तक्त्यांतले आकडे आणि देवनागरी जोडाक्षरे आधी पाहा, बाकीचे नंतर. अक्षरजुळणीकाराने समासात विचारलेल्या प्रत्येक शंकेला, अगदी ‘ठीक आहे’ एवढे का होईना, उत्तर लिहूनच प्रूफ परत करा.